एका फुटाने सरकलेली भिंत : अमेरिकी उपनगरातील स्वतःचे घर आणि बांधणाऱ्याची निवड

#थ्रेड #इतिहास

१/
जानेवारी १९५६. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराच्या पश्चिमेस असलेल्या ब्रुकफील्ड या उपनगरात एका दांपत्याने आपल्या मालकीच्या भूखंडावर घर बांधून घेण्यासाठी एका कंत्राटदाराशी लेखी करार केला. किंमत ठरली २६,७६५ डॉलर. वर्षभराने घर उभे होते, परंतु काही कामे अपुरी राहिली होती. त्याहून मोठी तक्रार एका भिंतीची होती. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधली ती भिंत ठरल्या जागेपासून एका फुटाहून अधिक सरकली होती आणि दिवाणखाना तेवढ्याने अरुंद झाला होता.

२/
तोपर्यंत मालकांनी २०,००० डॉलर दिलेले होते. पुढचे हप्ते त्यांनी थांबवले. कंत्राटदाराने काम थांबवले आणि न्यायालयाची पायरी चढली. १९६० मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ‘प्लांटे विरुद्ध जेकब्स’ हा खटला अमेरिकेतील कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो.

एका फुटाचा हा वाद क्षुल्लक वाटेल. पण त्यामागे एक जुना प्रश्न उभा आहे : माणूस आयुष्यभराची कमाई ज्याच्या हाती सोपवून घर बांधून घेतो, तो बांधणारा नेमका कोणाला उत्तरदायी असतो?

३/
हा प्रश्न लिखित कायद्याइतकाच प्राचीन आहे. इसवी सनपूर्व अठराव्या शतकात बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याने कोरून घेतलेल्या कायद्यात बांधकाम करणाऱ्यासाठी स्वतंत्र कलमे आहेत. घर कोसळून मालकाचा मृत्यू झाला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड. भिंत कच्ची निघून ढासळू लागली तर ती त्याने स्वखर्चाने पक्की करून द्यायची.

ही शिक्षा कठोर होती, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती : बांधणारा कोण आणि तो कोठे सापडेल, हे सर्वांना ठाऊक असे. अमेरिकेतील उपनगरांच्या इतिहासात नेमके हेच गृहीतक हळूहळू ढासळत गेले.

४/
अठराव्या शतकातील फिलाडेल्फियात ते अजून शाबूत होते. १७२४ मध्ये तेथील नामांकित सुतारांनी ‘कार्पेंटर्स कंपनी’ ही संघटना स्थापन केली. १७७४ मध्ये अमेरिकी वसाहतींची पहिली काँटिनेंटल काँग्रेस भरली ती याच संघटनेच्या सभागृहात.

काम पुरे झाले की संघटनेचे जाणते सदस्य जागेवर येऊन त्याचे मोजमाप करीत आणि मोबदला ठरवीत. दरांचे पुस्तक १७८६ मध्ये छापले गेले, पण ते सदस्यांपुरतेच. बाहेरच्याला ते दाखवण्याची मुभा नव्हती. घरमालकाला त्यामुळे दर कळत नसत. मात्र कोणावर विश्वास ठेवायचा, हे त्याला ठाऊक असे.

५/
या व्यवस्थेला पहिला धक्का नव्या राजधानीने दिला. १७९१ मध्ये वॉशिंग्टन शहराची आखणी सुरू झाली. पोटोमॅक नदीकाठच्या ओसाड जागेवर घरे उभी करण्यासाठी कारागीर आणि माल पुरवणारे व्यापारी आणायचे, तर त्यांचे पैसे बुडणार नाहीत याची हमी देणे भाग होते.

त्याच वर्षी मेरिलँडच्या विधिमंडळाने एक तरतूद केली : पैसे मिळाले नाहीत, तर बांधकाम करणाऱ्या कारागिराला त्या इमारतीवरच आपला बोजा चढवता येईल. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा म्हणजे काय, हे ठाऊक असणाऱ्याला त्या शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही.

६/
पुढे ही तरतूद एकेक करून सर्व राज्यांत पोहोचली. कष्टकऱ्याच्या दृष्टीने ती न्याय्यच होती. परंतु घरमालकापुढे तिने एक नवी चिंता उभी केली.

मालकाने मुख्य कंत्राटदाराला पैसे दिले आणि त्याने ते लाकूडवाल्याला किंवा नळकाम करणाऱ्याला पोहोचवलेच नाहीत, तर अनेक ठिकाणी बोजा मालकाच्या घरावर चढे. एकाच कामाचे पैसे दोनदा मोजण्याची पाळी येऊ शके. आता बांधणाऱ्याचा हात किती कसबी आहे, एवढे पाहून भागत नव्हते. त्याचा व्यवहार स्वच्छ आहे का, तो आपल्या माणसांची देणी वेळेवर चुकवतो का, हेही पारखणे आवश्यक झाले.

७/
दुसरा बदल लाकडात झाला. जुन्या पद्धतीत जाडजूड तुळया, खाचेत खुंटी बसवून केलेले सांधे आणि ते साधणारा मुरलेला सुतार लागे. १८३० च्या दशकात शिकागोत एक नवी पद्धत रूढ झाली. गिरणीत कापलेल्या पातळ फळ्या जवळजवळ उभ्या करायच्या आणि यंत्रावर तयार झालेल्या खिळ्यांनी ठोकून सांगाडा उभारायचा. हलकेपणामुळे तिला ‘बलून फ्रेम’ म्हणत.

थोडी माणसे, थोडे दिवस आणि बेताचे कसब एवढ्यावर घर उभे राहू लागले. घर स्वस्त झाले, ही मोठीच गोष्ट होती. पण याचा अर्थ असाही होता की, ज्याच्या हाती हातोडा आहे असा कोणीही आता स्वतःला बिल्डर म्हणवून घेऊ शकत होता.

८/
तिसरा बदल छापखान्याने घडवला. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या उद्यानतज्ज्ञाने १८४२ मध्ये ‘कॉटेज रेसिडेन्सेस’ आणि १८५० मध्ये ‘द आर्किटेक्चर ऑफ कंट्री हाउसेस’ ही पुस्तके प्रसिद्ध केली. झाडांच्या सावलीतले, शहराच्या धुरापासून दूर असलेले स्वतंत्र घर हे सुसंस्कृत कुटुंबाचे स्थान होय, ही कल्पना अशा पुस्तकांनी मध्यमवर्गाच्या मनात रुजवली.

त्यांत घरांची चित्रे आणि आराखडे असत. एखादे चित्र पसंत पडले की ते गावातल्या सुतारापुढे ठेवून ‘असे घर हवे’ म्हणायचे, असा प्रघात पडला. पण एखाद्या पानावरच्या आराखड्यात बांधकामाचा सगळा तपशील मावत नाही. जे कागदावर नसे, ते बांधणारा आपल्या सवयीप्रमाणे भरून काढी. ब्रुकफील्डच्या भिंतीची पहिली रेघ येथे ओढली गेली होती.

९/
स्वप्न छापील पानावरून जमिनीवर उतरले. १८६९ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी शिकागोनजीक रिव्हरसाइड या उपनगराची आखणी केली. वळणदार रस्ते, नदीकाठची राखलेली मोकळी जागा आणि रस्त्यापासून तीस फूट मागे हटून बांधायची घरे.

भूखंड विकणारी कंपनी वेगळी, घर बांधणारा वेगळा आणि राहणारा वेगळा, अशी विभागणी येथे स्पष्ट दिसू लागली. रस्ता कसा वळावा आणि घर रस्त्यापासून किती अंतरावर असावे, याचे नियम होते. घराच्या आत भिंत कोठे येते, हे मात्र मालक आणि त्याचा कंत्राटदार यांच्यापुरते होते.

१०/
त्यानंतर ट्राम आली. इतिहासकार सॅम बास वॉर्नर यांनी बॉस्टनच्या रॉक्सबरी, वेस्ट रॉक्सबरी आणि डॉर्चेस्टर या तीन उपनगरांचा अभ्यास ‘स्ट्रीटकार सबर्ब्ज’ (१९६२) या ग्रंथात मांडला. १८७० ते १९०० या तीस वर्षांत तेथे २२ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. ती बांधणारे होते सुमारे ९ हजार जण!

म्हणजे सरासरीने एकाच्या वाट्याला जेमतेम अडीच घरे आली. कोणी सुतार, कोणी दुकानदार, कोणी स्वतःपुरते घर बांधणारा. मोठी कंपनी नव्हती, परवाना देणारे मंडळ नव्हते. तरीही या उपनगरांतील घरे आश्चर्य वाटावे इतकी एकसारखी निघाली.

११/
या एकसारखेपणाचे एक कारण असे की छोटा बांधणारा धोका पत्करत नसे. शेजारच्या गल्लीत जे घर विकले गेले, तसेच तो पुढच्या भूखंडावर बांधी. कर्ज देणाऱ्यालाही ओळखीचा आराखडा सुरक्षित वाटे.

घर बांधून घेणाऱ्यापुढेही पारखण्याचे साधन एकच होते : त्या माणसाने आधी बांधलेली, डोळ्यांसमोर उभी असलेली घरे. जिना कुरकुरतो का, छत गळते का, तळघरात ओल येते का, हे तिथल्या रहिवाशाला विचारले की कळे. संघटनेच्या शब्दाची जागा शेजाऱ्याच्या शब्दाने घेतली होती. उपनगर लहान होते तोवर ही व्यवस्था बऱ्यापैकी चालली.

१२/
श्रीमंतांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी मालक आणि कंत्राटदार यांच्यामध्ये तिसरा माणूस आणला, तो वास्तुशिल्पी. अमेरिकी वास्तुशिल्पींची राष्ट्रीय संस्था १८५७ मध्ये स्थापन झाली. १८८८ मध्ये या संस्थेने बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेबरोबर बांधकाम कराराचा एक सामाईक नमुना तयार केला.

वास्तुशिल्पी काम पाहील, नकाशाशी ताडील, दाखला देईल. आणि दाखला मिळाला तरच कंत्राटदाराला हप्ता मिळेल, अशी ही रीत. कागदावर ती निर्दोष दिसे. तिची खरी परीक्षा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बांधलेल्या एका टोलेजंग घरात झाली.

१३/
या घराचे मालक जॉर्ज केंट पेशाने वकील होते. ‘जेकब अँड यंग्ज’ या कंत्राटदार कंपनीने त्यांचे घर ७७ हजार डॉलरांहून अधिक खर्चात बांधले. जून १९१४ मध्ये काम संपले आणि कुटुंब राहावयास आले.

करारात एक ओळ होती : नळकामासाठी लागणारे लोखंडी नळ ‘रीडिंग’ या कंपनीचेच असावेत. मार्च १९१५ मध्ये उघडकीस आले की, बरेचसे नळ अन्य कारखान्यांचे आहेत. ते तोवर भिंतींच्या आत गाडले गेले होते. नळ बदलायचे म्हणजे पूर्ण झालेल्या घराचा मोठा भाग फोडायचा. वास्तुशिल्पीने ते बदलण्यास फर्मावले. कंत्राटदाराने नकार दिला. अंतिम दाखला अडला आणि ३,४८३ डॉलरांचा शेवटचा हप्ताही.

१४/
१९२१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. बहुमताचा निर्णय बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिला. हेच कार्डोझो १९३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्यांचा युक्तिवाद असा होता : चूक जाणूनबुजून केलेली नव्हती. बसवलेले नळ गुणवत्तेने रीडिंगच्या तोडीचे होते. एवढ्यासाठी सारे घर फोडायला लावणे हा अन्याय ठरेल. मालकाची भरपाई म्हणजे घराच्या किमतीत पडलेला फरक. आणि तो फरक शून्य किंवा नाममात्र. म्हणून कंत्राटदाराला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत.

१५/
न्यायमूर्ती मॅकलॉलिन यांनी लिहिलेले अल्पमत तितकेच ठाम होते. मालकाला रीडिंगचाच नळ का हवा होता, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा त्यांचा रोख होता. त्याने तो मागितला, कंत्राटदाराने तो देण्याचे कबूल केले, तर तोच दिला गेला पाहिजे.

या दोन मतांमध्ये घर या वस्तूविषयीच्या दोन कल्पना समोरासमोर उभ्या आहेत. बहुमताच्या लेखी घर म्हणजे बाजारात किंमत असलेली मालमत्ता. अल्पमताच्या लेखी घर म्हणजे एका माणसाची विशिष्ट इच्छा, जी त्याने पैसे मोजून विकत घेतली आहे. कार्डोझो यांनी एक दार मात्र उघडे ठेवले : एखादी बाब अनिवार्य असेल तर ती तशी नेमक्या शब्दांत लिहून घेण्यास पक्ष मोकळे आहेत.

१६/
केंट यांच्याजवळ वास्तुशिल्पी होता, तपशीलवार करार होता आणि कायद्याचे ज्ञानही होते. तरीही ते हरले. सामान्य नोकरदाराजवळ यांपैकी काहीच नसे. त्याने बांधणाऱ्यावरचे अवलंबन कमी करण्याची दुसरी वाट धरली. ती टपालपेटीतून आली.

१९०८ पासून ‘सियर्स, रोबक’ या कंपनीने घरांचे कॅटलॉग काढले. पान उलटायचे, घर निवडायचे आणि मागणी पाठवायची. काही वर्षांतच मापात कापलेले, क्रमांक टाकलेले लाकूड, दारे, खिडक्या, खिळे असा सारा संच रेल्वेच्या डब्यातून येऊ लागला. १९४० पर्यंत अशी ७० ते ७५ हजार घरे विकली गेल्याचा अंदाज आहे.

१७/
माल आता मापात आणि चोख येत होता. लाकूडवाल्याने फसवण्याची भीती कमी झाली. परंतु पाया खणणे, विटा आणि सिमेंट जवळपास मिळवणे आणि सुटे भाग जोडणे हे काम ग्राहकाकडेच राही. काहींनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीने ते स्वतः केले. इतरांना पुन्हा स्थानिक सुताराच्याच दारात जावे लागले.

कॅटलॉगने घराचा आराखडा, माल आणि किंमत आधीच ठरवून दिली होती. जागेवर काम करणारा हात निवडण्याची जबाबदारी मात्र त्याने ग्राहकावरच सोडली होती.

१८/
महामंदीत घरबांधणी जवळजवळ ठप्प झाली, तेव्हा १९३४ मध्ये केंद्र सरकारने ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ ही संस्था स्थापन केली. ती गृहकर्जाला विमा देई आणि त्यासाठी बांधकामाचे किमान निकष लावी. केंद्र सरकारचा तपासनीस सामान्य माणसाच्या घराच्या पायाकडे पाहू लागला.

या तपासणीमुळे बांधकामाचा दर्जा सुधारला, हे निर्विवाद. मात्र तिचा हेतू कर्जाची सुरक्षितता हा होता. घर तारण म्हणून पुरेसे भक्कम आहे का, एवढेच तपासनीस पाही. दिवाणखाना मालकाच्या मनाजोगता झाला आहे का, हा त्याचा प्रश्न नव्हता.

१९/
दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले आणि घरांची प्रचंड टंचाई निर्माण झाली. लेव्हिट आणि त्यांच्या मुलांच्या कंपनीने १९४७ पासून लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटटाउन उभारले. १९५१ पर्यंत १७,४४७ घरे! काम सव्वीस-सत्तावीस टप्प्यांत विभागलेले. प्रत्येक टोळी आपला एकच टप्पा करून पुढच्या घराकडे जाई. ऐन भरात दिवसाला तीसहून अधिक घरे पुरी होत.

येथे बांधणारा निवडण्याचा प्रश्नच मिटला होता. मिळेल ते तयार घर घ्यायचे. भिंत सर्वांच्या घरात एकाच जागी होती. ज्याला ती दुसरीकडे हवी असेल त्याने दुसरीकडे जावे.

२०/
पण ‘दुसरीकडे जाणे’ सर्वांना खुले नव्हते. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या १९४८ च्या निकालाने अशा अटी न्यायालयामार्फत अमलात आणणे घटनाबाह्य ठरवले, तरी व्यवहारात दारे बंदच राहिली. ऑगस्ट १९५७ मध्ये मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाउनमध्ये राहावयास आले, तेव्हा घरासमोर जमाव जमला आणि खिडक्यांवर दगड आले.

बँका आणि बिल्डर दोघांनीही पाठ फिरवलेल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी शहराबाहेर भूखंड घेऊन सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या हातांनी घरे उभारली. क्लीव्हलँडजवळील चॅग्रिन फॉल्स पार्क ही वस्ती त्याचे उदाहरण आहे. पसंतीचा बांधणारा निवडता येणे हीच मुळी अनेकांच्या नशिबी नसलेली सवलत होती.

२१/
आता ब्रुकफील्डकडे परतता येईल. १९५४ मध्ये शहराचा दर्जा मिळालेले हे उपनगर होते. जेकब्स दांपत्याने तयार वसाहतीतील घर घेतले नाही. स्वतःचा भूखंड, स्वतः निवडलेला कंत्राटदार आणि आपल्या कुटुंबासाठी बांधलेले घर, असा मार्ग त्यांनी पत्करला.

करार मात्र कसा होता? निकालपत्रात त्याचे वर्णन येते. आराखडा तयार छापील साच्यातला होता. बांधकामाचा तपशील त्यावर नव्हता. ब्लूप्रिंट नव्हत्याच. कामाचे तपशीलपत्र म्हणजे छापील नमुना, त्यात दोन्ही पक्षांनी हाताने भरलेले काही फेरफार. डाउनिंगच्या काळातला पुस्तकातला आराखडा आणि त्यातल्या रिकाम्या जागा शंभर वर्षांनी पुन्हा समोर आल्या होत्या.

२२/
अपुऱ्या आणि सदोष कामांची मालकांनी मांडलेली यादी सुमारे वीस बाबींची होती. छताच्या पन्हळी, पावसाचे पाणी खाली उतरवणारे नळ, घरासमोरची फरसबंद पायवाट, कपाटांतील कपडे टांगायचे दांडे, छताच्या गिलाव्याला गेलेल्या भेगा आणि अर्थातच ती भिंत.

कंत्राटदाराने मेरिलँडहून निघालेल्या त्या जुन्या हत्याराचा उपयोग केला : जानेवारी १९५७ मध्ये त्याने घरावर बोजा दाखल केला. मालकांनी पैसे अडवले होते, आणि बांधणाऱ्याने त्यांचे घरच अडकवले. एका छताखाली राहून दोन्ही ओझी वाहण्याची पाळी त्या कुटुंबावर आली.

२३/
तज्ज्ञांच्या मते भिंत पाडून योग्य जागी बांधण्यास, रंगरंगोटीसह, सुमारे ४,००० डॉलर लागले असते. म्हणजे कराराच्या किमतीच्या जवळजवळ सातवा हिस्सा. परंतु मालमत्तेचे मूल्य जाणणाऱ्यांनी साक्ष दिली की, दिवाणखान्याच्या फूटभर अरुंदपणाने घराच्या बाजारभावात फरक पडत नाही.

न्यायालयाने कार्डोझो यांचीच वाट धरली. करार सारतः पूर्ण झाला आहे. छोट्या अपुऱ्या कामांचा खर्च वजा होईल. पण भिंतीबद्दल भरपाई नाही. खोली विशिष्ट मापाची असावी ही मालकांची इच्छा पुरी झाली नाही हे खरे, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांची हानी झालेली नाही. कंत्राटदाराला चार हजारांहून अधिक डॉलर मंजूर झाले.

२४/
निकालातील एक विधान मात्र सर्वांत महत्त्वाचे आहे. एखादी बाब मालकाच्या दृष्टीने व्यक्तिशः फार मोलाची असू शकते आणि ती पाळली गेली नाही तर करार पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केले. अट एवढीच की ती बाब करारात तशी नोंदलेली हवी. येथे ती नव्हती.

केंट यांनी नळाचे नाव लिहिले, पण ती अट अनिवार्य आहे असे लिहिले नाही. जेकब्स दांपत्याला खोलीची रुंदी मोलाची होती, पण कागद त्याविषयी मौन होता. दोघांनीही शेवटचे पैसे हाती राखून ठेवले आणि दोघांनाही कळले की, राखून ठेवलेला हप्ता म्हणजे कराराने दिलेला हक्क नव्हे.

२५/
पुढल्या दशकात कायद्याचे वारे फिरले, पण वेगळ्या दिशेने. तोवर तयार घर विकत घेणाऱ्याला एकच जुना नियम ऐकवला जाई : घेणाऱ्याने पारखून घ्यावे. १९६४ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने नव्या घराच्या बाबतीत तो नियम नाकारला.

१९६५ मध्ये न्यू जर्सीत लेव्हिट कंपनीविरुद्ध निकाल लागला. तिने बांधलेल्या एका घरात नळाच्या कढत पाण्याने तान्हे मूल भाजले होते. गरम पाण्यात थंड पाणी मिसळणारी झडप त्या यंत्रणेत नव्हती. मोठ्या संख्येने घरे बनवणाऱ्यावर मोटारी बनवणाऱ्याइतकीच जबाबदारी आहे, असे न्यायालयाने ठरवले.

२६/
१९६८ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘हंबर विरुद्ध मॉर्टन’ हा खटला आला. एका विधवेने बिल्डरकडून नवे घर घेतले होते. शेकोटीत पहिल्यांदाच विस्तव पेटवला आणि घराचा काही भाग जळाला. नवे घर बांधून विकणारा ते राहण्यायोग्य असल्याची आणि कसबी कारागिराला शोभेल असे बांधल्याची हमी न बोलताही देत असतो, असे न्यायालयाने म्हटले. नंतरच्या दोन दशकांत बहुतेक राज्यांनी हे तत्त्व स्वीकारले.

हम्मुराबीच्या कायद्यातील दंडाची क्रूरता तेथे नव्हती, परंतु त्यातला गाभा परतला होता : घराने माणसाला इजा केली, तर बांधणारा उत्तर देईल.

२७/
तरीही या साऱ्या संरक्षणात ब्रुकफील्डची भिंत बसत नाही. ती कोसळणारी नव्हती, जाळणारी नव्हती, गळणारी नव्हती. ती फक्त कुटुंबाने कल्पिलेल्या जागी नव्हती. कायदा घर राहण्यायोग्य आहे का हे पाहतो, बाजारभाव मोजतो. मनातला दिवाणखाना मोजण्याचे माप त्याच्याकडे नाही.

म्हणूनच आपल्या इच्छेप्रमाणे घर बांधून घेणाऱ्यासाठी बांधणाऱ्याची निवड ही अडीचशे वर्षांनंतरही पाया खणण्यापूर्वीच उरकायची गोष्ट राहिली. फिलाडेल्फियाच्या सुतारांपासून ब्रुकफील्डपर्यंतचा इतिहास तिच्या तीन कसोट्या दाखवतो : त्याने आधी बांधलेल्या घरांतील रहिवासी काय सांगतात, तो आपल्या कारागिरांची देणी चुकवतो का, आणि ज्याविना घर आपले वाटणार नाही ती बाब तो मापासह, अनिवार्य म्हणून लिहून देण्यास तयार आहे का.

२८/
या तिसऱ्या कसोटीला उतरण्यासाठी मालकालाही आधी स्वतःची पारख करावी लागते. नळाचे नाव महत्त्वाचे की घराचा वापर? खोलीची रुंदी महत्त्वाची की तिचा बाजारभाव? लाँग आयलंडच्या वकिलाने आणि विस्कॉन्सिनच्या दांपत्याने या प्रश्नांची उत्तरे भिंती उभ्या राहिल्यानंतर न्यायालयात दिली. तोवर भिंत जागा सोडायला तयार नव्हती आणि कायदाही.

#इतिहास #वास्तुकला #थ्रेड_समाप्त